खोकल्याची बाटली : चिठ्ठीवर लिहिली म्हणजे सुरक्षित झाली का?

२ ऑक्टोबर २०२५ रोजी धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी आपले लोक नागपूरच्या दीक्षाभूमीवर जमले होते. त्याच दिवसांत त्याच शहरातील रुग्णालयांत शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातून आणलेली लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन मरत होती. बहुतेक मुले पाच वर्षांच्या आतली, परासिया आणि आसपासच्या गावांतली. साधा सर्दी-ताप होता. आईबापांनी मुलांना डॉक्टरांकडे नेले, डॉक्टरांनी ‘कोल्ड्रिफ’ नावाचे सिरप लिहून दिले, मेडिकलवाल्याने ते दिले आणि घरी चमच्याने पाजले गेले. काही दिवसांत मुलांना उलट्या सुरू झाल्या, लघवी बंद झाली. मध्य प्रदेशात वीसहून अधिक मुले गेली.

या आईबापांनी नेमके काय चुकीचे केले, असा प्रश्न विचारला तर उत्तर सापडत नाही. ते भोंदूकडे गेले नव्हते. त्यांनी मुदत संपलेले औषध पाजले नव्हते. ‘डॉक्टरांच्या सल्ल्यानेच औषध घ्या’ हा जो उपदेश आपण प्रत्येक शिबिरात करतो, तो त्यांनी तंतोतंत पाळला होता. म्हणून आम्हाला वाटते की हा उपदेश आता अपुरा आहे. खोकल्याच्या औषधाबद्दल दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळेच ठेवले पाहिजेत. बाटलीत जे लिहिले आहे तेच आत आहे का, हा पहिला. आणि ते तसेच असले, अगदी शुद्ध असले, तरी त्याने खोकला बरा होतो का, हा दुसरा. पहिल्याची चर्चा मुले मेल्यावर चार दिवस होते. दुसऱ्याची होतच नाही.

बाटलीत विष येते कुठून?

पातळ औषध बनवताना मूळ औषधी द्रव्य कशात तरी विरघळवावे लागते. त्यासाठी प्रोपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सॉर्बिटॉल असे द्रव वापरतात. औषधासाठी लागणारा शुद्ध दर्जाचा माल महाग असतो. कारखान्यांत रंग, शाई, ब्रेक ऑइल यांसाठी वापरला जाणारा माल स्वस्त असतो आणि त्यात डायएथिलिन ग्लायकॉल नावाचे रसायन मिसळलेले असू शकते. काही वेळा तर ते रसायनच शुद्ध मालाच्या नावाने विकले जाते. ते दिसायला तसेच, घट्टसर, रंगहीन. चव गोड. नुसत्या डोळ्याने किंवा जिभेने फरक कळणे शक्य नाही, फक्त प्रयोगशाळेत कळते.

शरीरात गेल्यावर यकृत त्याचे रूपांतर अशा आम्लात करते की ते मूत्रपिंडाच्या पेशी मारते. आधी उलट्या, पोटदुखी, मरगळ. मग लघवी कमी होते, बंद होते. त्यानंतर मेंदू व मज्जातंतूंवर परिणाम. लहान मुलाचे वजन कमी, त्यामुळे थोडी मात्राही पुरते. औषधात या रसायनाचे प्रमाण ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असता कामा नये, अशी मर्यादा आहे. तमिळनाडूच्या औषध प्रशासनाने कांचीपुरम जिल्ह्यातील श्रीसन फार्मास्युटिकल्स या कंपनीच्या कोल्ड्रिफच्या एसआर-१३ या बॅचचा नमुना तपासला, तेव्हा ते ४८.६ टक्के निघाले. म्हणजे मर्यादेच्या जवळपास पाचशे पट. बाटलीतला निम्मा माल विष होता. याला भेसळ म्हणणेसुद्धा सौम्य वाटते.

पुढे कंपनीचा परवाना रद्द झाला, मालकाला अटक झाली, महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या बॅचबद्दल इशारा काढला, जागतिक आरोग्य संघटनेने १३ ऑक्टोबरला जगभर सूचना दिली. सगळे झाले, पण नंतर.

हे पहिल्यांदा घडलेले नाही. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध याच रसायनात विरघळवून विकले गेले आणि शंभरहून अधिक माणसे मेली. त्या धक्क्यातून तिथे १९३८ चा औषध कायदा आला. बाजारात आणण्यापूर्वी औषध सुरक्षित आहे हे सिद्ध करा, असे तो कायदा सांगतो. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच रसायन होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली. खरेदीतील हातचलाखी, औषध प्रशासनातील भ्रष्टाचार, मंत्रालयापर्यंत पोहोचलेले हितसंबंध, सगळे आयोगाने उघड केले. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करू पाहणाऱ्या प्रत्येक तरुणाने त्या अहवालाची माहिती करून घ्यावी. चाळीस वर्षांपूर्वीचा असूनही तो कालचा वाटतो.

२०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूच्या उधमपूर जिल्ह्यातील रामनगर भागात ‘कोल्डबेस्ट-पीसी’ या सिरपने किमान बारा मुले गेली. २०२२ मध्ये आफ्रिकेतील गांबिया या छोट्या देशात सुमारे सत्तर मुले मेली. तिथे गेलेली सिरपे हरियाणाच्या सोनीपत येथील कंपनीची होती. त्याच वर्षाअखेरीस उझबेकिस्तानात मुले मेली, सिरप नोएडात बनलेले.

गांबिया आणि उझबेकिस्तानानंतर भारताची जगभर नाचक्की झाली, तेव्हा केंद्र सरकारने नियम केला : १ जून २०२३ पासून निर्यातीच्या प्रत्येक खोकल्याच्या सिरपला सरकारी किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र हवे. चांगला नियम होता. पण तो निर्यातीपुरता होता. देशातल्या देशात विकल्या जाणाऱ्या बाटलीला असे प्रमाणपत्र लागले नाही. तिथे कंपनीने स्वतःच कच्चा माल आणि तयार बॅच तपासायची, असा जुनाच नियम राहिला. परदेशी गिऱ्हाइकाच्या मुलासाठी सरकारी प्रयोगशाळा आणि परासियाच्या मुलासाठी कंपनीचा शब्द. समाजशास्त्राच्या वर्गात आपण ‘संरचनात्मक विषमता’ असा जड शब्द शिकतो. त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगायचा असेल तर हे एवढे उदाहरण पुरे.

कारखान्यांनी पाळायच्या दर्जाच्या नियमावलीला ‘शेड्यूल एम’ म्हणतात. ती डिसेंबर २०२३ मध्ये सुधारली गेली, पण २५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या लहान-मध्यम कंपन्यांना ती लागू करण्यासाठी २०२५ च्या अखेरपर्यंत मुदत वाढवून मिळाली. कोल्ड्रिफ त्या मुदतीतच घडले. औषधे हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. कारखान्याला परवाना राज्य देते, नवीन औषधाला मंजुरी केंद्र देते. मुले मेली की केंद्र राज्याकडे बोट दाखवते, एक राज्य दुसऱ्या राज्याकडे. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे घटनेचे कलम ४७ म्हणते. तिथे बोट दाखवण्याची सोय नाही.

शुद्ध असेल तर काम करते का?

आता दुसरा प्रश्न. समजा बाटली स्वच्छ आहे. तरी ती प्यायल्याने काय होते?

खोकला हा बहुतेक वेळा रोग नसतो, शरीराची झाडू मारण्याची पद्धत असते. विषाणूमुळे होणारे सर्दी-पडसे आपोआप बरे होते, पण खोकला मागे रेंगाळतो. किती दिवस? लोकांना वाटते आठवडाभर. अभ्यास सांगतात, सरासरी अठरा दिवसांच्या आसपास. या दोन आकड्यांमधल्या दिवसांतच बाटल्या विकल्या जातात. आठव्या दिवशी माणूस औषध घेतो, पंधराव्या दिवशी बरा होतो आणि श्रेय औषधाला देतो.

तात्पुरत्या खोकल्यासाठी सहज मिळणाऱ्या औषधांवरचे प्रयोग कोक्रेन या संस्थेने एकत्र तपासले. ही औषधे उपयोगी पडतात असा भक्कम पुरावा तिला मिळाला नाही. मुलांच्या बाबतीत तर नाहीच. उलट एक वर्षावरील मुलांना रात्री चमचाभर मध दिल्याने खोकला थोडा कमी होतो, याला बऱ्यापैकी आधार मिळाला. (एक वर्षाखालील बाळाला मध अजिबात देऊ नये. त्यातून बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. आजी कितीही म्हणाली तरी नाही.)

एखाद्या सिरपचे लेबल हातात घेऊन वाचा. डेक्स्ट्रोमेथॉर्फन लिहिले असेल तर ते खोकला दाबणारे. ग्वायफेनेसिन किंवा अमोनियम क्लोराइड असेल तर कफ सुटा करून बाहेर काढण्यासाठी. अँब्रोक्सॉल, ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे. क्लोरफेनिरामिन हे अॅलर्जीचे औषध, त्याने गुंगी येते. मूल झोपते, आईला वाटते आराम पडला. फेनिलएफ्रिन हे नाक मोकळे करण्यासाठी, पण तोंडावाटे घेतल्यास ते काम करत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये एकमताने काढला. सालब्युटामॉल, लेव्होसालब्युटामॉल, टर्ब्युटालिन ही दम्यात श्वासनलिका मोकळ्या करणारी औषधे. ज्या मुलाला खरोखर बालदमा आहे त्याला ती पंपाने, स्पेसर लावून दिली तर कमी मात्रेत थेट फुफ्फुसात जातात. ज्याला दमा नाही त्याला सिरपमधून दिली तर छाती धडधडते, हात थरथरतात, खोकला तसाच राहतो.

आपल्या बाजारातली गंमत अशी की यातली तीन-चार द्रव्ये एकाच बाटलीत कोंबलेली असतात. खोकला दाबणारे आणि कफ बाहेर काढणारे एकाच चमच्यात! एका पायाने ब्रेक आणि दुसऱ्याने अॅक्सिलरेटर दाबावा तसे. २ जून २०२३ रोजी केंद्र सरकारने अशी चौदा निश्चित मिश्रणे तर्कहीन आणि धोकादायक ठरवून त्यांच्यावर बंदीचा आदेश काढला. त्यात खोकल्याची मिश्रणे बरीच होती. पण एक मिश्रण बंद झाले की घटक किंचित बदलून दुसरे नाव येते.

मुलांबद्दल मात्र आता सरकारी भूमिका बरीच स्पष्ट आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये आणि तसे लेबलवर छापावे, असे कळवले होते. कोल्ड्रिफमध्ये हीच दोन द्रव्ये होती, जोडीला पॅरासिटॅमॉल. म्हणजे त्या बाटलीत विष नसते तरीसुद्धा ती त्या वयाच्या मुलांना लिहून द्यायला नको होती. नंतर ३ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितले की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सर्वसाधारणपणे सुचवली जात नाहीत. २०२१ मध्ये दिल्लीत डेक्स्ट्रोमेथॉर्फनमुळे तीन मुले दगावली होती. तिथे औषधात भेसळ नव्हती. वयाला न चालणारे औषध दिले गेले होते, एवढेच.

मग डॉक्टर लिहितात का? काही ठिकाणी कंपनीची आमिषे असतील, पण सगळे त्यावर ढकलणे सोपे आहे. ज्या बाईने अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून, रिक्षाचे पैसे देऊन, दोन तास रांगेत थांबून मूल दाखवले, तिला ‘काही देण्याची गरज नाही, आपोआप बरे होईल’ हे वाक्य अपमानासारखे वाटते. पुढच्या वेळी ती बाटली देणाऱ्या डॉक्टरकडे जाते. डॉक्टरलाही हे माहीत असते. बाटली लिहायला दहा सेकंद लागतात, समजावून सांगायला दहा मिनिटे. आपल्या वस्त्यांमध्ये ती दहा मिनिटे कुणाकडेच नसतात, आणि नेमकी ती जागा कार्यकर्ता भरू शकतो.

नशेची बाटली

कोडीन हे अफूपासून मिळणारे द्रव्य. वर्षानुवर्षे ते खोकल्याच्या सिरपमध्ये वापरले गेले. शरीरात गेल्यावर त्याचे मॉर्फिन होते. काही माणसांच्या यकृतात हे रूपांतर जन्मतःच फार वेगाने होते. अशा मुलाला नेहमीची मात्राही श्वास थांबेपर्यंत नेऊ शकते. म्हणून युरोपात २०१५ मध्ये आणि अमेरिकेत २०१७ मध्ये बारा वर्षांखालील मुलांसाठी ते वर्ज्य ठरले. आपल्याकडे २०१६ मध्ये सरकारने ३४४ मिश्रणांवर बंदी घातली, त्यात कोरेक्ससारखी सिरपे होती. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि प्रकरण बरीच वर्षे रेंगाळले.

कोडीन ‘शेड्यूल एच-१’ मध्ये येते. मेडिकलवाल्याने ते चिठ्ठीशिवाय द्यायचे नाही. रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची. बाटलीवर लाल चौकटीत इशारा असतो. तरीही वस्त्यांच्या मागच्या मोकळ्या जागेत, रेल्वे रुळांच्या कडेला रिकाम्या बाटल्यांचा खच दिसतो. दारूचा वास येतो, घरी कळते. सिरपचा येत नाही. पाचव्या शिलाची चर्चा आपण बहुधा दारूपाशी थांबवतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांशी बोलताना ती मेडिकलच्या काउंटरपर्यंत न्यावी लागेल. आणि व्यसनी मुलाला चार लोकांत झापून काही होत नाही. त्याला व्यसनमुक्ती उपचाराची गरज असते. अचानक सोडल्यास अंग दुखणे, जुलाब, झोप न येणे हे त्रास होतात, त्यासाठी डॉक्टरांची देखरेख लागते.

खोकला दबला, आजार राहिला

आमच्या मते खोकल्याच्या बाटलीचा सर्वात मोठा तोटा इथे आहे आणि त्याची बातमी कधीच होत नाही. सफाई कामगार, दगडखाणीत आणि बांधकामावर राबणारे, बिडी वळणाऱ्या बाया, चुलीच्या धुरात स्वयंपाक करणाऱ्या आया. यांचा खोकला आठवड्यांचा नसतो, महिन्यांचा असतो. दर वेळी एक बाटली आणली जाते, थोडे बरे वाटते, आणि खाली क्षय किंवा सिलिकोसिस शांतपणे फुफ्फुस खात राहतो. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त खोकला असेल तर बेडक्याची तपासणी झालीच पाहिजे. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते, औषधे मोफत मिळतात आणि निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १००० रुपये खात्यात येतात. निक्षयचा मोफत क्रमांक १८००-११-६६६६ आहे. वजन घटणे, संध्याकाळी ताप, रात्री घाम, बेडक्यात रक्त, यांपैकी काही असेल तर दोन आठवडेही थांबू नये.

लहान मुलात खोकल्यापेक्षा श्वासाकडे बघा. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजा. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त असतील, किंवा श्वास घेताना छातीची खालची बाजू आत ओढली जात असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. तिथे सिरप नाही, दवाखाना. हे मोजणे आशाताईंना शिकवलेले असते. बुद्धविहारातल्या एखाद्या रविवारी त्यांना बोलावून सगळ्या आयांना शिकवता येईल, एका तासाचे काम आहे.

शिबिरात काय करायचे

१४ एप्रिलच्या, ६ डिसेंबरच्या निमित्ताने आपण आरोग्य शिबिरे घेतो. कुणी तरी सॅम्पलच्या बाटल्यांचे खोके दान देतो आणि आपण ते आनंदाने वाटतो. आमचा आग्रह असा की शिबिरात पाच वर्षांखालील मुलांना खोकल्याचे सिरप वाटूच नये. मोठ्यांसाठी डॉक्टरांनी काही दिलेच तर बॅच क्रमांक, मुदत, कंपनीचे नाव वहीत उतरवून घ्यावे. उद्या इशारा आला तर कोणत्या घरात कोणती बाटली गेली हे कळले पाहिजे. दान देणाऱ्याला वाईट वाटेल. त्याला सलाइनचे नाकात टाकायचे थेंब किंवा थर्मामीटर द्यायला सांगावे.

घरच्यांनी डॉक्टरांना विचारायला लाजू नये : याच्या वयाला हे चालते का, हे दिले नाही तर काय होईल, यात पॅरासिटॅमॉल आहे का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण तापाच्या औषधातही तेच असते आणि नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते. थेंबांचे औषध सिरपपेक्षा तीव्र असते, त्यामुळे एकाची मात्रा दुसऱ्याला लावू नये. घरातला चमचा वापरू नये, बाटलीसोबतचे माप वापरावे. मोठ्या भावाची उरलेली बाटली धाकट्याला नको. औषध सुरू केल्यावर उलट्या झाल्या, लघवी कमी झाली, मूल मलूल पडले, तर औषध तिथेच थांबवून मुलाला मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि बाटली सोबत न्यावी, फेकू नये. तीच पुरावा असते.

शंका असेल तर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा मोफत क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ वर कुणीही करू शकतो, डॉक्टर असण्याची अट नाही.

आणि एक गोष्ट फार कमी कार्यकर्त्यांना माहीत असते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ नुसार कोणीही व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना विकत घेतलेले औषध ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासणीला देऊ शकते आणि त्याचा सहीचा अहवाल मिळवू शकते. इन्स्पेक्टर येण्याची वाट पाहावी लागत नाही. तुमच्या तालुक्यात सर्वाधिक खपणारे मुलांचे सिरप कोणते, हे दोन-तीन मेडिकलमध्ये विचारले की कळते. त्याची सीलबंद बाटली पक्क्या पावतीवर विकत घ्या, बॅच क्रमांक पावतीवर लिहून घ्या आणि अर्ज करा. सोबत माहिती अधिकारात विचारा की गेल्या वर्षभरात आपल्या जिल्ह्यातून खोकल्याच्या सिरपचे किती नमुने घेतले, किती तपासले, किती नापास झाले आणि नापास झालेल्या बॅचच्या किती बाटल्या दुकानांतून परत आल्या.